नाताळच्या करंज्या आणि ग्वाल्हेरचे परीक्षक

ती. दाजी यांस
(श्री. यशवंत रत्नाकर भांबळ, अहिल्यानगर),
विजयानंदचा प्रभूमध्ये सलाम.

मी, विजयानंद शमुवेल उजागरे, बी. कॉम., एका सहकारी संस्थेचा स्वेच्छानिवृत्त लेखाधिकारी, राहणार शिंदे की छावनी, लश्कर, ग्वाल्हेर, सध्या येथील एका कला महाविद्यालयात चित्रकला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, हे पत्र आपणांकडून एक लेखी दाखला मिळविण्याच्या हेतूने लिहीत आहे. (मी कोण हे आपणांस ठाऊक आहे. आपल्या लग्नात आपल्या नव्या बुटांवर सरबत सांडणारा तो मीच. परंतु हे पत्र कदाचित विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवावे लागेल, आणि त्या इमारतीत मी कोण हे मलाच इतक्या वेळा सांगण्यात आले आहे की निदान एकदा ते माझ्या हस्ताक्षरात असावे.)

आपला गुडघा आता जिना मानतो का? डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुसुमताई सुईत दोरा स्वतः ओवते असे कळले, समाधान झाले. आमच्याकडे सर्व कुशल आहे असे यापुढे लिहिण्याचा प्रघात आहे. मी तो पाळू शकत नाही. आमची सौ. वनमाला कुशल आहे. मी संतापलेलो आहे, आणि हा संताप तात्पुरता नसून विचारांती ठरविलेला आहे, हे पत्र वाचताना कृपया ध्यानात ठेवावे.

मी महाविद्यालयात नाव घातले तेव्हा आपण एकच प्रश्न विचारला होता, "का?" त्याचे उत्तर तेव्हा दिले नाही, कारण प्रश्न फोनवरचा होता आणि मला फोनवर मुद्देसूद बोलता येत नाही. उत्तर असे की मला कॉलेजच्या वयातच चित्रकला शिकावयाची होती. बाबांनी (ते बिर्लानगरच्या गिरणीत हजेरी-कारकून होते हे आपणांस आठवत असेल) आयुष्यात एकच रंगारी जवळून पाहिला होता. तो कापडाच्या गाठींवर नंबर घालीत असे आणि दुपारी त्याच गाठींवर झोपत असे. म्हणून मला वाणिज्य शाखेत घालण्यात आले. पुढे सारी नोकरी मी इतरांच्या चुका शोधण्याचे काम केले, आणि ते चांगले केले. आता स्वतःच्या चुका कराव्यात अशी इच्छा होती. वयाची अट नाही हे नियमावलीत वाचून खात्री केली, प्रवेशपरीक्षा दिली, उत्तीर्ण झालो, आणि माझ्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलामुलींत जाऊन बसलो. ती मला अंकल म्हणतात. शिखा नावाची मुलगी शेजारच्या ईझलवर काम करते, तिने पहिल्याच आठवड्यात सुनावले, "अंकल, आप पेन्सिल ऐसे छीलते हो जैसे इनकम टैक्स वाले पीछे खड़े हों." मला वाईट वाटले नाही. पेन्सिल तशीच तासावयाची असते.

वय हा तेथे प्रश्न निघालाच नाही. निघाला तो दुसराच. आमचे विभागप्रमुख मानसिंगराव हे येथील जुन्या मराठा सरदार घराण्यातले, घोडे फार सुरेख काढतात (माणसे घोड्यांवर बसलेली असतील तर तीही बरी येतात). पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझ्या आडनावाशी थांबले आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "उजागरे? वा, म्हणजे आपलेच! कोणत्या सरदारांच्या बरोबर आलात तुम्ही लोक इथे?" ग्वाल्हेरात मराठी माणसाला हे विचारतातच. प्रत्येकाचे पूर्वज कोणाच्या ना कोणाच्या फौजेबरोबर किंवा पालखीबरोबर आलेले असतात. मी सत्य ते सांगितले, की आमचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि ते रेल्वेने आले, बरोबर सरदार नव्हते, औषधांची एक पेटी होती. मानसिंगराव "मिशन?" एवढेच म्हणाले, मग "अच्छा, अच्छा" म्हणाले, आणि दाजी, त्या क्षणापासून ते माझ्याशी हिंदीत बोलू लागले. माझा धर्म कळताच माझी मातृभाषा सुटली असावी असा त्यांचा समज झाला. वर्गातील दुसऱ्या कोणा मराठी मुलाशी ते हिंदीत बोलत नाहीत.

तेव्हापासून मी वर्गातील विद्यार्थी नसून वर्गातील ख्रिस्ती आहे. पाश्चात्त्य कलेच्या इतिहासाच्या तासाला पडद्यावर एखादा दाढीवाला संत आला की शिक्षक थांबतात आणि सारा वर्ग माझ्याकडे वळतो. "उजागरे जी, ज़रा बताइए ये कौन हैं." मला कसे ठाऊक असणार? आमच्या उपासनामंदिरात चार पांढऱ्या भिंती, एक लाकडी क्रूस आणि कोणीतरी आपल्या आईच्या स्मरणार्थ दिलेले घड्याळ आहे, तेही पाळकांच्या बरोबर समोर, उपदेश आवरता घ्यावा म्हणून. ज्या संताच्या अंगात बाण रुतलेले असतात त्याचे नाव मी ग्रंथालयात शोधून पाठ केले, तर पुढच्या तासाला हातात किल्ल्या घेतलेला निघाला. पुष्कर नावाचा एक मुलगा आहे, स्वभावाने अतिशय निर्मळ. त्याने कॅन्टीनमध्ये समोसा खाता खाता मला विचारले, "अंकल, आप लोग पहले क्या थे?" मी म्हणालो, "पहले मैं असिस्टंट अकाउंटंट था." तो बराच वेळ गंभीरपणे मान हलवीत राहिला. (हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात इतक्यांनी विचारला आहे की त्याची निरनिराळी उत्तरे माझ्यापाशी तयार असतात. हे त्यांतल्या त्यात सौम्य.)

आता मुख्य विषयाकडे येतो. या वर्षीच्या रचनाचित्रासाठी "भारतीय पर्व" हा विषय देण्यात आला. माझ्या मनात संक्रांत होती. नया बाज़ारात थंडीत गजक कुटणारे कारागीर आपण येथे आला होतात तेव्हा पाहिले आहेत. तीळ-गुळाच्या ऊन गोळ्यावर समोरासमोर बसून लाकडी हातोडे घालतात, खांद्यांचे स्नायू चकाकतात, वर वाफ आणि पिवळा दिवा. मी तेथे जाऊन कच्ची रेखाटने करून ठेवली होती. मानसिंगराव एकेकाचा विषय विचारीत आले. शिखाने छठ सांगितली. दिवाळी इतक्यांनी सांगितली की पुष्करने कंटाळून "सर, मैं क्रिसमस कर लूँ?" असे विचारले आणि त्यास परवानगी मिळाली. मी संक्रांत म्हणालो, तर मानसिंगराव हसले. "अरे, आप क्यों संक्रांत करेंगे? आप तो अपना क्रिसमस कीजिए. जो जिया है वही बनाइए, तभी तो ऑथेंटिक आएगा." येथे माझा पहिला संताप नोंदवावा. गजक मी गेली पन्नास वर्षे खात आहे. पुष्करने नाताळ दूरदर्शनसंचावर पाहिला आहे. परंतु त्याला विषय निवडता येतो. माझा विषय माझ्या जन्माच्या दाखल्यावर ठरलेला असतो.

तथापि मी शिस्तीचा माणूस आहे. सांगितले ते केले, आणि अक्षरशः केले: जे जगलो तेच काढले. लहानपणी दर डिसेंबरात बाबा आम्हांला नगरला मोठ्या मावशीकडे आणीत, ते माझे नाताळ. चित्रात तीच खोली आहे. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर तीन बायका: आई, मावशी आणि परकर-पोलक्यातली कुसुमताई. आई पारी लाटते आहे. मावशी कातणे फिरविते आहे. ताईच्या हाती मुरड आहे, आणि जीभ दातांत धरलेली आहे, जशी ती अजूनही धरते. वर्तमानपत्रावर करंज्यांच्या रांगा, त्यांवर ओले फडके. मागे चकलीचा सोऱ्या, शंकरपाळ्यांचा पत्र्याचा डबा, भिंतीवर शास्त्रवचनाचे कॅलेंडर, आणि दारात टांगलेली कागदी चांदणी, आत दिवा लागलेला. त्या चांदणीचा तांबूस उजेड तिघींच्या हातांवर पडतो. दाजी, मी आत्मस्तुती करीत नाही, परंतु ते हात मला साधले. शिखा पुष्कळ वेळ मागे उभी राहून म्हणाली, "अंकल, ये तो आपने सच में बना दिया." खाली मी शीर्षक लिहिले, "नाताळ".

परीक्षणाच्या दिवशी मानसिंगरावांबरोबर बाहेरगावचे एक परीक्षक होते. गळ्यात रेशमी उपरणे, चष्मा कपाळावर. ते चित्रापुढे थांबले तेव्हा प्रथम मला आशा वाटली, कारण त्यांनी चष्मा खाली घेतला. नंतरचे संभाषण जसेच्या तसे देतो. "टाइटल क्या है?" "नाताळ." "मतलब?" "क्रिसमस." त्यांनी चित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा चित्राकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने विचारले, "तो क्रिसमस इसमें है किधर?" मी चांदणीकडे बोट केले. पूर्वेकडील मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांना बेथलेहेमची वाट दाखविणारा तारा तो हाच, असे मी सांगणार तोच मानसिंगराव म्हणाले, "वो तो आकाशकंदील है सर, महाराष्ट्रियन दिवाली में लगता है." म्हणजे माझ्या बाजूचा जो एकमेव निर्विवाद साक्षीदार, तोच फितूर ठरला. तेवढ्यात शिखा (माझी बाजू घेण्याच्या प्रामाणिक हेतूने) मागून बोलली, "सर, दिवाली नहीं है, देखिए ना, गुझिया बन रही है. होली है." (करंजीला येथे गुझिया म्हणतात आणि ती होळीत करतात.) परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिले. मग मला समजावू लागले: येथे एक ट्री आला पाहिजे, थोडी स्नो, केक, गिफ्ट, एखादा सांता, "कुछ तो हो जिससे पब्लिक को लगे." मी म्हणालो, "सर, ग्वालियर में बर्फ़ या तो फ़्रिज में मिलती है या मुर्दाघर में." त्यावर कोणी हसले नाही. मी हसविण्यासाठी बोललोही नव्हतो. शेजारी पुष्करचे चित्र होते: किल्ल्याच्या तटावरून सांताक्लॉजची गाडी उडते आहे, आणि गाडीला जुंपलेल्या प्राण्यांचे पाय नीलगाईचे आहेत, कारण त्याने नीलगाय पाहिलेली आहे. त्यावर शेरा पडला, "विषय से पूर्ण न्याय". माझ्यावर पडला, "विषय से भटकाव". नाताळाच्या सुट्टीनंतर, जानेवारीत, चित्र सुधारून आणावे. तसे न केल्यास ते वार्षिक प्रदर्शनात लावले जाणार नाही.

गुणांची मला पर्वा नाही. (हे वाक्य वनमालेने वाचले आणि ती हसली, म्हणून दुरुस्त करतो: गुणांची मला पर्वा आहे, परंतु या प्रकरणात ती दुय्यम आहे.) प्रश्न भिंतीचा आहे. फेब्रुवारीत त्या भिंतीवर छठ असेल, होळी असेल, ईद असेल, अनेक दिवाळ्या असतील, शहरातली माणसे मुलाबाळांना घेऊन पाहावयास येतील, आणि नाताळ म्हणून त्यांना उडत्या नीलगाईंचा सांता दाखविला जाईल. माझी आई, मावशी आणि आपली पत्नी या तिघी अडगळीच्या खोलीत तोंड भिंतीकडे करून उभ्या असतील. हे मी होऊ देणार नाही.

सर्वांत कठीण भाग पुढेच आहे. ताईला हे वाचून दाखवावे की नाही ते आपण ठरवा. परीक्षक गेल्यावर मानसिंगरावांनी मला खोलीत बोलावले, चहा मागविला, आणि पहिल्या दिवसानंतर प्रथमच मराठीत बोलले. "उजागरे, तुम्ही का म्हणून एवढं दिलावर घेताय? चित्र तर छान आहे. मी तर तुमच्याच भल्याचं सांगतोय. पूर्ण बदलायची गरजच नाही. ती जी पोरगी बसली आहे ना, जीभ काढून, तिच्या डोक्यावर एक लाल टोपी टाकून द्या. सांतावाली. बस, काम झालं!" दाजी, ती पोरगी म्हणजे कुसुमताई. आपल्या चर्चमधील मंडळीच्या स्त्रीसंघाची अध्यक्षा. परकर-पोलक्यावर, करंजीला मुरड घालताना, डोक्यावर कापसाचा गोंडा असलेली लाल टोपी. मी चहा तसाच ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, आपल्या त्या घोड्यांवरच्या सरदारांच्या डोक्यावर मी हेल्मेट काढून दिलं तर?" ते दुखावले. त्यांना खरोखरच वाटत होते की आपण मार्ग काढून देत आहोत. दुष्ट माणसाशी भांडता येते, दाजी. भल्या माणसाच्या चहापुढे काय करावे?

मानसिंगरावांनी दुखावलेल्या स्वरात एवढे मात्र कबूल केले, की आपल्याकडे असाच नाताळ असतो असे एखाद्या चर्चकडून लेखी आणल्यास ते जानेवारीत परीक्षकांपुढे ठेवतील. (दिवाळीत लाडू असतात याचा दाखला देवळाकडून आणावयास कोणाला सांगितले आहे काय? नाही. पण ते असो.) मी त्याच संध्याकाळी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. ते छत्तीसगडचे, साधे आणि देवभीरू. त्यांनी मोबाइलवरचे चित्र मोठे करून पाहिले आणि विषण्ण झाले. "भाई विजयानंद, ये तो गुझिया है. गुझिया तो होली में बनती है. मैं लिखकर कैसे दूँ? झूठी साक्षी दस आज्ञाओं में मना है." मी विचारले, आपल्या गावी नाताळात काय करतात? त्यांचा चेहरा उजळला. "हमारे यहाँ तो अरसा बनता है. चावल-गुड़ का. अम्मा बनाती थीं." मी म्हणालो, समजा, कोणी म्हणाले की अरसा नाताळचा नव्हे, तर? ते म्हणाले, "कौन कहेगा? वो तो है ही क्रिसमस का." मी मोबाइल पुन्हा त्यांच्यापुढे धरला. मग त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि तीत माझ्या कलेला योग्य मार्ग दिसावा अशी विनंती होती.

एवढ्यावर भागले असते तर मी आपणांस एका कार्डावर कळविले असते. परंतु परत आणताना चित्र टेम्पोत होते, आमच्या गल्लीत मांडव पडलेला, टेम्पो शिरेना, म्हणून मी ते नाक्यावर शांताताईंच्या ओट्यावर टेकवून ठेवले. शांताताई येथील मराठी मंडळाच्या महिला शाखेच्या प्रमुख, उत्साही, कोणाच्याही आजारपणात डबा पाठविणाऱ्या. चित्र पाहून त्या ओट्यावरच बसल्या. "अगबाई! अगदी आमच्या आजीचं स्वयंपाकघर हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. दाजी, मी खोटे का बोलू, मला गहिवरून आले. त्यांनी मंडळाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी चित्र मागितले, मी आनंदाने छायाचित्र दिले, खाली शीर्षक स्वच्छ अक्षरांत लिहून. स्मरणिका आली. मुखपृष्ठावर ताई, मावशी, आई. खाली छापलेले: "ग्वाल्हेरच्या मराठी घरातील दिवाळी". मी स्मरणिका घेऊन गेलो, तर शांताताईंनीच माझे अभिनंदन केले आणि वर सांगितले, "अहो, कोणीतरी चुकून खाली नाताळ लिहून ठेवलं होतं. बरं झालं मी वेळेवर पाहिलं, नाही तर केवढं हसं झालं असतं!" मी म्हणालो, ते मीच लिहिले होते. आम्ही ख्रिस्ती आहोत. त्या माझ्या दंडावर हात ठेवून, अतिशय मायेने म्हणाल्या, "खरंच? पण बोलता किती शुद्ध! अहो, मग काय झालं? तुम्ही तर अगदी आमच्यासारखेच आहात."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो आणि तेव्हापासून ते माझ्याबरोबर जेवते, झोपते आणि ब्रश धुते. आमच्यासारखेच! मला सांगा, मूळ कोण आणि नक्कल कोण हे ठरले केव्हा? मावशीच्या हातची करंजी ही कोणाच्या करंजीची प्रत होती? पीठ भिजवताना तिने कोणाची परवानगी घ्यावयास हवी होती? मानसिंगरावांना मी पुरेसा वेगळा नाही म्हणून माझे चित्र नापास, आणि शांताताईंना मी वेगळा नाही म्हणून माझे शीर्षक रद्द. एकाने टोपी घालावयास सांगितली, दुसरीने नाव काढून घेतले, आणि पाळकसाहेबांनी माझ्यासाठीच प्रार्थना केली. तिघेही माझ्याशी प्रेमाने वागले. एकालाही मी शिवी देऊ शकलो नाही. मी आयुष्यात इतका कधी चिडलो नव्हतो, आणि इतका चहा कधी प्यालो नव्हतो.

तरी आपण, नगरच्या मंडळीचे जुने पंच आणि निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने, मंडळीच्या शिक्क्यानिशी खालील आशयाचा दाखला पाठवावा: की महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांत नाताळास करंज्या, चकल्या, शंकरपाळे इत्यादी फराळ पिढ्यान्‌पिढ्या घरी केला जातो, की दारी कागदी चांदणी लावली जाते, की ती चांदणी म्हणजे बेथलेहेमचा तारा असून आकाशकंदील नव्हे, आणि की या कामी लाल टोपी आवश्यक नाही. शेवटचे कलम कृपया गाळू नये. भाषा हिंदी असल्यास बरे, परंतु मराठीत असल्यास मानसिंगराव मराठी वाचतात हे सिद्ध करण्याची संधी मिळेल.

मुलांस आशीर्वाद, ताईस नमस्कार.

आपला नम्र,
वि. श. उजागरे

ता. क. १. दाखल्याचे वर लिहिले ते खरे आहे, परंतु पत्राचे खरे कारण ते नव्हे. (सहीखालील मजकूर ग्राह्य धरत नाहीत, म्हणून शेवटी पुन्हा सही करीन.) मानसिंगरावांच्या खोलीतून बाहेर पडताना मी रागाच्या भरात सगळ्या वर्गासमोर बोलून गेलो की नाताळच्या आदल्या दिवशी सर्वांनी माझ्या घरी यावे, आणि बायका जमिनीवर बसून करंज्या करतात की नाही ते डोळ्यांनी पाहावे. मानसिंगरावांनाही बोलावले. शिखाने तत्काळ विचारले, "खाने भी मिलेगी ना अंकल?" सर्वजण येणार आहेत. अडचण अशी की आमच्या घरी आजवर करंजी झालेली नाही. वनमाला जबलपूरची, तिच्या माहेरी केक. आमच्याकडे नाताळास बेकरीतून केक येतो आणि माळ्यावरून प्लास्टिकचे झाड उतरते. तरी ताईला डिसेंबरच्या मध्यापर्यंत पाठवावे, तिकीट मी काढतो. येताना कातणे आणावे. येथे मिळते ते पिझ्झा कापण्याचे आहे.

ता. क. २. वनमालेने वरील वाचले. ती म्हणते, मला न विचारता बायका जमिनीवर बसवायला तुम्ही कोण? शिवाय तिने स्मरण करून दिले की गेल्या नाताळात रविवारच्या शाळेच्या कार्यक्रमात लाल टोपी घालून मी स्वतः चॉकलेटे वाटली होती आणि त्याचे छायाचित्र तिच्या फोनमध्ये आहे. ती टोपी मी पाळकसाहेबांच्या आग्रहावरून, निषेध व्यक्त करून घातली होती. छायाचित्रात मी हसताना दिसतो, ते सूर्य समोर असल्यामुळे. हे छायाचित्र महाविद्यालयात पोहोचू नये म्हणून मी तिच्या सर्व अटी मान्य केल्या आहेत. त्यांपैकी मुख्य ही, की पारी मी लाटावयाची.

ता. क. ३. पाकीट बंद करणार तोच ताईचा फोन आला. मी आनंदाने बेत सांगितला, तर ती म्हणाली, "अरे विजू, आता कोण करतंय घरी? गुडघे मुडपत नाहीत. आम्ही ते दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या बाईंकडूनच मागवतो, त्यांनाच नाताळचीही ऑर्डर देतो. यंदा तर नातवंडं केकच म्हणताहेत." दाजी, हे आपणांस ठाऊक होते आणि आपण मला कधी कळविले नाही. अशा परिस्थितीत आपण दाखल्यावर सही कशी कराल, झूठी साक्षी होईल की काय, हा प्रश्न आपण पाळकांसारखा उकरून काढू नये. दाखला पाठवावा. ताईलाही पाठवावे. गुडघे मुडपत नसतील तर मी पाठीला उशी आणि खाली पाट देईन, सारण वनमाला करील, मुरड कशी घालावयाची ते ताईने आम्हां दोघांना आणि शिखाला दाखवावे. ती नको म्हणेल. तिला माझा निरोप सांगावा की चित्र मी बदलणार नाही. तेव्हा आता तिलाच चित्राप्रमाणे बसावे लागेल.

विजयानंद शमुवेल उजागरे
शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
९ नोव्हेंबर २०२५